नोटिशीतला दुमडलेला भाग

आमच्या सोसायटीत प्रत्येक नोटीस तीनदा लिहिली जाते. सेक्रेटरी आधी ती हिंदीत लिहितात. हिंदी सगळ्यांना कळते, पण म्हणून ती सगळ्यांना चालते असं नाही. मराठी घरांना मराठीत हवी असते, गुजराती घरांना गुजरातीत, आणि एखादी भाषा राहून गेली की पुढच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय बाजूला पडून त्यावरच बोलणं होतं. मी एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि शुद्ध मराठी लिहितो असा बिल्डिंगचा समज आहे, म्हणून मराठी माझ्याकडे. पहिल्या मजल्यावरच्या भाभी घरी शिकवण्या घेतात, त्यांना कॉम्प्युटरवर गुजराती टाइप करता येतं, म्हणून गुजराती त्यांच्याकडे. सेक्रेटरींनी आम्हा तिघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आहे. त्यावर ते वर्डची फाइल टाकतात. पीडीएफ नाही, कारण पीडीएफमध्ये आम्हाला काही लिहिता येत नाही. आम्ही आपापला मजकूर घालून फाइल परत पाठवतो, ते सगळं जुळवून छापतात आणि लिफ्टशेजारच्या काचेच्या पेटीत लावतात.

ही पद्धत बरी चालली होती. बाहेरचे लोक कौतुक करायचे. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवरून आत आल्यावर, अशा मिश्र वस्तीत कोणाच्या भाषेवरून भांडण नाही, ही आमची कमाई होती.

ती फाइल आली त्या शनिवारी मला अर्धा दिवस सुट्टी होती. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले असतील. नोटिशीचा विषय मला माहीत होता. तळमजल्यावर फरसाणचं दुकान आहे. दुकानाचे मालक म्हणजे भाभींचे यजमान, त्यांना सगळे शेठ म्हणतात. दिवाळीच्या गर्दीत त्यांनी गॅसचे मोठे सिलिंडर आणून जिन्याखाली ठेवले. मीटरची खोली त्याला लागूनच आहे. दिवाळी संपली तरी सिलिंडर तिथेच. कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा शेठ उभे राहिले.

"तक्रार कोणाची आहे, ते सांगा ना. एक माणूस दाखवा."

"लोकांची आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"लोक म्हणजे कोण? हे समोर बसलेत ते सगळे माझ्याकडून उधारीवर गाठिया नेतात. साहेब, तक्रार तुमचीच आहे. तुमच्या पोटात दुखतं."

"पुरावा आहे माझ्याकडे, शेठ."

"मग लावा ना नोटिशीत. आम्ही पण वाचू."

सगळे हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. लालबागहून आलेला माणूस, विम्याच्या ऑफिसात सगळी नोकरी गेलेली. खोटारडा म्हटलेलं त्यांना सहन होत नाही. त्यांनी खरंच पुरावा लावला. त्यांना व्हॉट्सॲपवर आलेल्या तक्रारीचा स्क्रीनशॉट घेतला, तो नोटिशीत चिकटवला, तक्रार करणाऱ्याचं नाव वरून कापलं आणि फक्त चार ओळी ठेवल्या. जिन्याखाली सिलिंडर आहेत, मीटरची खोली शेजारी आहे, सकाळी वास येतो, काही झालं तर वरच्यांना उतरायला दुसरा रस्ता नाही. आणि ती फाइल त्यांनी नेहमीप्रमाणे ग्रुपवर टाकली. म्हणजे मला, आणि शेठच्या बायकोला.

मी नंतर त्यांना म्हटलं, निदान या वेळी तरी गुजराती दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "कसं घेणार? शेठ म्हणाला असता, माझ्यावर नोटीस काढता आणि माझ्याच बायकोला वगळता. आणि भाभी सज्जन बाई आहे हो." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मला पहिल्यांदा खटकलं ते फाइलचं वजन. आमची नोटीस एक पानाची असते, वीस-तीस केबी. ही दीड एमबी दाखवत होती. चार ओळींच्या चित्राला एवढं वजन कशाला? मी फाइल लॅपटॉपवर उघडली. चित्रातली अक्षरं बारीक होती, मराठी करताना शब्द चुकू नये म्हणून ते थोडं मोठं करावं असं वाटलं. चित्रावर क्लिक केलं, वर जी बटणं दिसली त्यातलं कापण्याचं दाबलं. माझा अंदाज होता की तिथून कडा ओढता येतील.

चार ओळींच्या वर आणि खाली करड्या रंगाचा लांब पट्टा उमटला. त्यात सगळं होतं. नाव, छोटा गोल फोटो, आधीचे मेसेज, नंतरचे मेसेज. कापलेला एकही तुकडा कुठे गेला नव्हता. आतल्या बाजूला दुमडून ठेवला होता एवढंच, पँटची लांबी कमी करताना शिंपी कापड आत दुमडतो तसा. टाका उसवला की पुन्हा पूर्ण लांबी.

नाव चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं होतं. त्या केबिन रोडवर चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासतात. मुलगी दहावीला. दोघीच राहतात, भाड्याने. तो फ्लॅट शेठचा आहे.

तिथेच मी बंद करायला हवं होतं, पण डोळे पुढे गेले. वाचायला लागतात तीन-चार सेकंद, आणि ठरवायला तेवढा वेळ मिळत नाही. सेक्रेटरींनी त्यांना लिहिलं होतं की तक्रारीवर तुमच्या मिस्टरांची सही असली तर वजन येईल, ते मस्कतला असतात ना, तिथून मेल तरी करू दे. त्यावर बाईंनी उत्तर दिलं होतं. सर, माझं नाव कुठेही येऊ देऊ नका. मिस्टर मस्कतला आहेत असं मी मालकांना सांगितलं आहे, तसं नाही. आम्ही दोन वर्षांपासून वेगळे राहतो. खरं सांगून आधी चार ठिकाणी घर नाकारलं. जानेवारीत करार संपतोय, मुलीची बोर्डाची परीक्षा आहे, आत्ता घर सोडावं लागलं तर तिचं वर्ष जाईल.

मी लॅपटॉप मिटला.

बायको भाजी निवडत होती. "काय झालं? कारखान्यातून काही आलं का?"

"नाही."

"मग तोंड असं का? शेअर पडले?"

"आपले आहेत कुठे शेअर पडायला."

"म्हणूनच विचारते."

तिला मी एवढंच सांगितलं की सेक्रेटरींनी एक नाव झाकायचा प्रयत्न केला आणि ते झाकलं गेलेलं नाही. कोणाचं ते सांगितलं नाही. तिने एक शेंग मोडली आणि म्हणाली, "चौथ्या मजल्याचं असणार. जिन्यातून उतरताना नाकाला ओढणी लावते ती एकटीच." मी काही बोललो नाही, त्यामुळे तिला जे कळायचं ते कळलं. माहिती अशीच फुटते हे मला त्याच वेळी दिसलं. मी एक शब्द सांगितला नव्हता आणि जाणणाऱ्यांत एक माणूस वाढला होता.

सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर राहतात. लॅपटॉप काखेत मारून मी वर गेलो. ते दुपारची झोप काढून नुकतेच उठले होते.

"या हिशेबनीस. झालं मराठी?"

"तुम्ही नाव कापलंत ना?"

"म्हणजे काय. स्वतः कापलं. मुलाला विचारून."

मी दाखवलं. कापण्याचं बटण दाबलं आणि करडा पट्टा उघडला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे. माझ्यात नाही."

आम्ही त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडलं. तिथेही तेच.

"अहो, पण मी कापलंय!"

त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही पूर्णपणे म्हणवलं नाही. आम्ही दोघं झेरॉक्सच्या काळातले. ज्या ओळी दाखवायच्या नाहीत त्यांवर कोरा कागद ठेवायचा आणि प्रत काढायची. प्रतीत त्या ओळी नसतातच, कोणी दिव्यासमोर धरलं तरी नाहीत. आमच्या हाताला तीच सवय आहे. दिसत नाही म्हणजे नाही. इथे उलटं आहे. दिसणं वेगळं आणि असणं वेगळं, आणि फाइल एकदा दुसऱ्याकडे गेली की असणाऱ्या गोष्टीवर आपला काही ताबा नाही.

"ग्रुपवरून काढून टाकतो," ते म्हणाले. फोन हातात घेतला आणि थांबले. निळ्या खुणा आल्या होत्या. मेसेजची माहिती उघडून बघितली. भाभींनी तो दुपारीच पाहिला होता.

"काढलंत तर तिथे 'मेसेज काढून टाकला' असं येणार. मग भाभी विचारणार का काढलात. आणि त्यांनी फाइल उतरवून घेतली असेल तर ती तिथून जाणारही नाही."

"मग काय करू म्हणता?"

"आधी त्या बाईंना सांगा."

"कशाला? त्यांच्या डोक्याला ताप कशाला? भाभी काय तुमच्यासारखी बटणं दाबत बसणार आहे? ती गुजराती टाइप करील आणि पाठवून देईल. उगाच सांगायला गेलो तर बाई रडेल, घाबरेल, मुलीच्या अभ्यासाचा विचका. झाकली मूठ ठेवा हो."

"मूठ झाकलेली नाही, हेच तर मी सांगतोय."

ते हळूच म्हणाले, "मिस्टरांचं मला विचारायलाच नको होतं."

त्यांनी ग्रुपवरची फाइल काढली आणि खाली लिहिलं, चुकीची प्रत गेली होती, नवीन पाठवतो. नवीन फाइलमध्ये चित्रच नव्हतं, तक्रारीच्या चार ओळी त्यांनी टाइप केल्या होत्या. पण ती नवीन फाइल पोचायच्या आधीच भाभींकडून जुन्या फाइलवर केलेलं गुजराती येऊन पडलं. बरोबर संदेश, हिंदीत: हो गया सर, देख लो.

मी ती फाइल उघडायच्या आधी वजन बघितलं. नव्वद केबी.

मी घरी येऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्यानेच लॅपटॉप उघडला. गुजराती मजकूर खाली होता. वर ते चित्र होतं, त्याच चार ओळी, त्याच जागी. मी कापण्याचं बटण दाबलं. करडा पट्टा आला नाही. चित्राच्या कडेबाहेर काहीच नव्हतं. सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर आम्ही मेनू धुंडाळले होते, म्हणून मला माहीत होतं की हे असं होण्यासाठी मेनूत आत जाऊन, कापलेला भाग कायमचा काढून टाका असं सांगावं लागतं. ज्याला आतला भाग आहे हेच माहीत नाही तो हे सांगणार नाही.

म्हणजे भाभींनी पाहिलं होतं. आणि पाहून पुसलं होतं.

मला एकदम हलकं वाटलं आणि पुढच्या मिनिटाला जास्तच जड. पुसलं ते का? बाईंना सांभाळायला की स्वतःकडे एक प्रत ठेवून बाकीच्यांची बंद करायला? नवऱ्याला दाखवून मग पुसलं असेल तर? मी आकड्यांचा माणूस आहे. दीड एमबीचे नव्वद केबी झाले हे मी शपथेवर सांगेन. पण ते कोणत्या मनाने झाले ते आकड्यात येत नाही, आणि मला झोप लागेना ती त्यामुळेच.

रविवार मी असाच घालवला. कारखान्याच्या फाइली तपासत बसलो, गेल्या दोन वर्षांत मी स्वतः काय काय कापून पाठवलं ते बघायला. गिऱ्हाइकाला पाठवलेल्या एका कोटेशनमध्ये दराच्या तक्त्याचं चित्र होतं. मी कडा ओढल्या तर शेजारचा खरेदीचा रकाना निघाला. म्हणजे आम्हाला माल कितीला पडतो ते त्या गिऱ्हाइकाकडे केव्हापासून पडून आहे. सोसायटीच्या फॉर्मसाठी आधार कार्डाचा अर्धा भाग कापून लावला होता, तोही पूर्ण निघाला. फोनमधल्या गॅलरीत कापलेल्या फोटोंवर 'मूळ परत आणा' असं बटण होतं, मी ते कधी वाचलंच नव्हतं. संध्याकाळी बायको म्हणाली, "आता बस झालं. तुम्ही ज्या गोष्टी शोधताय त्या तुमच्या आहेत. त्या बाईचं काय?"

"सेक्रेटरी सांगतील."

"ते नाही सांगणार. आणि तुम्ही एकटे तिच्या दारात जाऊ नका, लोक बघतात. मी येते."

आम्ही गेलो. मुलगी आतल्या खोलीत गणितं सोडवत होती. बाईंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी आडवळण घेतलं नाही. फाइलमध्ये काय होतं, ते कापलेलं असूनही कसं दिसत होतं, कोणाकोणाकडे गेलं, मी ते वाचलं, भाभींनीही वाचलं असणार आणि पुसलं, हे सगळं क्रमाने सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि हातातलं ग्लासचं झाकण फिरवत होत्या.

"एकूण किती जणांनी वाचलं, दादा?"

"सेक्रेटरींना तर तुम्हीच लिहिलं होतं. त्यांच्याशिवाय दोघांनी."

"तुम्हाला धरून?"

"मला धरून."

"शेवटपर्यंत वाचलंत?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या बायकोकडे बघितलं. "आणि वहिनींना?"

"यांनी मला नाव नाही सांगितलं," बायको म्हणाली. "मी ओळखलं. आतलं मला आत्ता इथे कळलं."

"म्हणजे चार." त्या उठल्या आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. परत आल्या तेव्हा आवाज खाली होता, पण राग स्पष्ट होता. "मी सेक्रेटरींना सर म्हणून लिहिलं. नाव येऊ देऊ नका म्हणून लिहिलं. त्यांनी हे फोटोचं लावायचंच कशाला? तुमच्या सगळ्यांच्या मीटिंगमध्ये कोण खोटं कोण खरं याच्यासाठी?"

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं."

"बरोबर आहे म्हणून काय करू? मस्कत मी काय हौसेने सांगितलं? एका ठिकाणी टोकन घेतलेलं परत केलं. एका बाईने मला सांगितलं, तू चांगली दिसतेस पण आमच्या बिल्डिंगमध्ये फॅमिली लागते. मी म्हटलं, माझी मुलगी आहे की फॅमिली. तर म्हणते, तसं नाही."

बायकोने त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण धरूही दिला असं नाही.

आम्हाला वाटलं होतं, त्या विचारतील आता काय करू. त्यांनी नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात जायच्या आधी त्या सरळ पहिल्या मजल्यावर भाभींकडे गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं, आणि मी ते तिच्याकडून ऐकलं.

भाभींनी चहा ठेवला. म्हणाल्या, "फोटो के ऊपर हाथ लग गया, बेन. मैंने पूरा पढ़ा, झूठ क्यों बोलूँ. फिर मैंने निकाल दिया. शेठ को नहीं बताया."

"क्यों नहीं बताया, भाभी?"

"वो सिलिंडर किसके नीचे हैं? मेरे बेडरूम के नीचे. मैं दिवाली के पहले से बोल रही हूँ, हटाओ, हटाओ. मेरा कौन सुनता है? तुम्हारी चिट्ठी का तो सुनेगा."

बाई म्हणे हसल्या. मग भाभी म्हणाल्या, मी कधी कोणाला सांगणार नाही, तू बेफिकीर राहा.

हे ऐकून मला वाटलं, सुटलो. माझ्या मते हिशेब इथे मिटत होता. ज्यांच्याकडे गुपित गेलं त्यांनी ते जपायचं कबूल केलं, आता करार नवा होईल, मुलीची परीक्षा होईल. मी बायकोला तसं म्हटलं. ती म्हणाली, "त्यांना तसं वाटत नाही."

"का?"

"त्या म्हणतात, आता मी शेठच्या बायकोच्या मेहेरबानीवर राहायचं का? रोज जिन्यात भेटली की तिचं तोंड बघायचं, आज मूड कसा आहे? उद्या तिच्या शिकवणीला माझी पोरगी गेली नाही, पाण्यावरून दोन शब्द झाले, तर? एकाला माहीत आहे म्हणजे ते माझ्या हातात नाही. त्यापेक्षा मीच सांगते."

मला ते पटलं नाही. मी तिला म्हटलं, त्यांना सांग, निदान परीक्षेपर्यंत थांबा. निरोप जायच्या आधीच त्या शेठच्या दुकानात जाऊन आल्या होत्या.

शेठ काउंटरवर होते. त्यांना मिस्टरांचं ऐकून फारसं काही झालं नाही. म्हणाले, "ठीक आहे, बेन, कोणाच्या घरी काय नसतं." पण तक्रार हिने केली हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "तू? माझ्या रूममध्ये राहून माझ्यावर लिहिलं? अरे, खाली उतरून मला बोलायचं ना! दुकान काय लांब आहे?"

"दोनदा बोलले, शेठ."

"कधी बोलली?"

"दिवाळीच्या आधी. तुम्ही म्हणालात, नंतर ये, गिऱ्हाईक आहे."

"तेव्हा खरंच गिऱ्हाईक होतं!"

दोन दिवसांत सिलिंडर जिन्याखालून गेले. नोटीस लावायची गरजच पडली नाही, माझं मराठी वाया गेलं. सेक्रेटरी खूश होते. सगळ्यांना सांगत होते, बघा, मी बोललो आणि काम झालं. आणि जानेवारीत शेठनी बाईंना सांगितलं की परीक्षा होऊ दे, घाई नाही, पण त्यानंतर रूम लागेल, माझा भाचा येणार आहे. भाच्याचं घर इथे जवळच काशीगावला आहे, स्वतःचं आहे, हे बिल्डिंगला माहीत होतं. कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही. एकदा दुकानात शेंगदाणे घेताना मी विषय काढायला तोंड उघडलं, तर शेठ म्हणाले, "हिशेबनीस, तुमच्यासाठी ताजे काढतो," आणि आत गेले. ते बाहेर येईपर्यंत मागे तीन माणसं उभी होती. भाभींनी नवऱ्याला काही सांगून पाहिलं का, मला माहीत नाही. माझ्या बायकोला त्या एवढंच म्हणाल्या की घरात चार दिवस भांड्यांचा फार आवाज होत होता.

मुलीची परीक्षा झाली. पेपर चांगले गेले, असं ती लिफ्टमध्ये मला म्हणाली, "काका, भूमिती सोपी होती." एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सकाळी टेंपो आला. सामान फार नव्हतं. मी आणि वॉचमननी कपाट उतरवलं. भाभी गॅलरीत उभ्या होत्या, त्यांनी खाली एक पिशवी पाठवली, त्यात थेपले होते. शेठ दुकानात होते, बाहेर आले नाहीत.

सामान चढत असताना बाई आमच्या दारात आल्या.

"दादा, ती फाइल तुमच्याकडे अजून असेल."

"नाही, ग्रुपवरची तेव्हाच..."

"बघा ना एकदा."

मी लॅपटॉप उघडला. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, माझ्या मागे उभ्या राहिल्या. डाउनलोडमध्ये फाइल होती. काढली. कचऱ्यात गेलेली तिथूनही काढली. मग फोन. फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये तीच फाइल, ग्रुपवरून काढलेली असूनही जशीच्या तशी. ती गेली आहे असं समजून मी पाच महिने हिंडत होतो. नंतर आठवलं, फोनचा बॅकअप रोज आपोआप जातो. तिथे काय आहे ते मला उघडून बघता येईना.

"इथलं मला नक्की सांगता येत नाही," मी म्हटलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. हेच उत्तर अपेक्षित असल्यासारखं म्हणाल्या.

बायकोने त्यांना हळदीकुंकू लावलं. मग म्हणाली, "नवा पत्ता द्या. येईन कधीतरी. मुलीचा निकाल लागला की पेढे घेऊन."

बाईंनी बायकोचे दोन्ही हात हातात घेतले, त्या दिवशी घेतले नव्हते तसे.

"नको वहिनी. राग मानू नका. निकालाचा फोन मी करीन."

बायको म्हणाली, "राग कसला."

त्या खाली उतरल्या. आमच्या गॅलरीतून गल्लीचं तोंड दिसतं. तिथून डावीकडे वळलं की स्टेशन, उजवीकडे वळलं की हायवे, आणि हायवेला लागलेला टेंपो फार तर दोन-तीन ठिकाणी जाऊ शकतो. मुलगी ड्रायव्हरशेजारी बसली, तिने वर बघून हात केला. मीही केला. टेंपो सुरू झाला तेव्हा बायको म्हणाली, "बघू तरी कुठे वळतात."

मी तिच्या खांद्याला धरून तिला आत वळवलं आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.